मथळ्यांचे क्रमांक कां चुकतात ?

जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत जांब हें गांव आहे. समर्थ रामदासांचा जन्म इ. स. १६०८ मध्यें येथें झाला, आणि म्हणून आज त्या गांवास जांब समर्थ याच नांवानें ओळखतात. समर्थांच्या दासबोधाची मांडणी मोठी रेखीव आहे. ग्रंथाचे भाग २०. त्यांस दशक म्हणतात. प्रत्येक दशकांत समास १०. म्हणजे एकंदर समास २००. प्रत्येक समासांतील ओंव्यांचे आंकडे पुन्हां एकापासून सुरू होतात. त्यामुळें दशक, समास आणि ओंवी असे तीन आंकडे सांगितले, कीं प्रत कोठली कां असेना, वाचक नेमक्या ओळीवर येऊन पोंचतो. पृष्ठांक आवृत्तीगणिक बदलतात. हे तीन आंकडे आपल्या जागीं राहतात. कीर्तनकारानें दिलेला दाखला श्रोत्यास घरीं जाऊन पडताळून पाहतां येतो, तो या आंकड्यांच्याच बळावर.

मथळ्यास क्रमांक देण्याचा हेतु हाच असतो. क्रमांक हा मजकुराचा पत्ता होय, आणि पत्ता चुकला तर पत्र भलत्याच घरीं जातें. जालन्यासारख्या शहरांत बियाण्यांच्या व पोलादाच्या धंद्यांतले करारनामे, महाविद्यालयांतील प्रबंध, ग्रामपंचायतींचे अहवाल आणि वकिलांचे अर्ज आज संगणकावरच तयार होतात. एखाद्या करारांत “कलम ४.२ प्रमाणें दंड देय राहील” असें वाक्य असावें, आणि मागाहून वरच्या बाजूस एक कलम घातलें गेल्यामुळें ४.२ हा क्रमांक दंडाच्या कलमावरून उडून माल पोंचविण्याच्या मुदतीवर जाऊन बसावा, तर त्या वाक्याचा अर्थ काय राहिला ? सही करणाऱ्याच्या हें ध्यानांत येत नाहीं. ध्यानांत येतें तें तंटा उभा राहिल्यावर. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण याहून लहान असली तरी त्यास ती लहान वाटत नाहीं. परीक्षकाच्या हातीं पडलेल्या प्रतींत तिसऱ्या प्रकरणाचे पोटमथळे २.१, २.२ असे छापलेले असले, तर आंतील अभ्यासाकडे पाहण्यापूर्वींच त्याचें मन कलुषित होतें.

पूर्वीं या आंकड्यांचा सांभाळ नकलकाराचें लक्ष करीत असे. समर्थशिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची म्हणून मानली जाणारी दासबोधाची प्रत डोमगांवच्या मठांत होती, आणि धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं तिच्या आधारें ग्रंथ छापून काढला. अशा हस्तलिखितांत प्रत्येक समासाच्या अखेरीस त्याचें नांव व तो कितवा समास हें लिहून ठेवण्याची चाल होती. लिहिलेला आंकडा तेथेंच राही. मध्यें नवें प्रकरण घालावयाचें झाल्यास पुढचे सारे आंकडे खोडून पुन्हां लिहावे लागत. संगणकानें हें कष्टाचें काम आपल्या अंगावर घेतलें. तरीहि घराघरांतून व कचेऱ्यांतून एक तक्रार नेहमीं ऐकूं येते : काल बरोबर असलेले आंकडे आज आपोआप चुकले. या तक्रारीचीं कारणें मोजकीं आहेत, आणि प्रत्येकावर उपाय आहे.

यंत्र मोजतें कसें, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्यें आपोआप उमटणारा क्रमांक परिच्छेदांत लिहिलेला नसतोच. परिच्छेदाबरोबर दोनच गोष्टी नोंदलेल्या असतात : तो कोणत्या यादींतला, आणि त्या यादींत कितव्या पातळीवरचा. पहिल्या पातळीस कोणत्या प्रकारचे अंक, दुसरीस कोणते, मध्यें टिंब कीं कंस, मोजणी पुन्हां केव्हां सुरू करावयाची, हें यादीचें सर्व वर्णन दस्तऐवजांत निराळ्या ठिकाणीं ठेवलेलें असतें. पान पडद्यावर उमटतांना यंत्र वरून खालीं मोजीत येतें आणि आंकडा काढून दाखवितें. म्हणून आंकडा चुकला असतां त्या आंकड्याशीं झटापट करण्यांत अर्थ नसतो. यादी दुसरीच आहे काय, पातळी चुकली काय, कीं मध्यें एखादा परका परिच्छेद घुसला, एवढेंच शोधावयाचें असतें. दिसावयास अगदीं सारख्या अशा चार याद्या एकाच दस्तऐवजांत असूं शकतात. आणि बहुतेक घोटाळ्यांचें मूळ तेथेंच सांपडतें.

पहिली परीक्षा अगदीं सोपी आहे. माउसनें मथळ्याच्या आंकड्यावर एकदां टिचकी मारावी. सबंध आंकडा करड्या रंगाचा झाला, आणि त्याच पातळीचे इतर आंकडेहि तसेच करडे झाले, तर तो यंत्रानें मोजलेला आहे व ते सर्व एका यादींतले आहेत. काहीं आंकडे करडे झाले आणि काहीं कोरे राहिले, तर त्यांच्या याद्या भिन्न आहेत. कर्सर आंकड्याच्या आंत शिरला, तर तो आंकडा कोणीतरी हातानें टाइप केलेला आहे. मग वर कितीहि प्रकरणें घातलीं तरी तो जागचा हलणार नाहीं. असे हातचे आंकडे खोडून टाकावे हाच त्यावर उपाय. ते न खोडतां आपोआप क्रमांक लावले म्हणजे एकाच मथळ्यापुढें दोन दोन आंकडे उभे राहतात, आणि दोष नाहक यंत्राकडे जातो.

पुष्कळ वेळां याद्या वेगवेगळ्या होतात त्या लिहिणाऱ्याच्या नकळत. ओळीच्या आरंभीं एक, टिंब आणि मोकळी जागा असें टाइप करतांच वर्ड आपण होऊन एक यादी सुरू करतें. ती नको असल्यास तत्काळ कंट्रोल व झेड या कळा दाबून ती मोडतां येते. दुसरें कारण म्हणजे क्रमांकाचें साधें बटण. मथळ्यावर कर्सर ठेवून हें बटण दाबलें, कीं आंकडा मिळतो. पुढल्या प्रकरणांत तेंच केलें, कीं कधीं मोजणी पुढें चालते, कधीं पुन्हां एक येतो. मग लिहिणारा उजवी टिचकी मारून “रीस्टार्ट ॲट वन” किंवा “कंटिन्यू नंबरिंग” यांपैकीं जें जुळेल तें निवडतो. त्या घटकेपुरतें काम भागतें. परंतु अशा प्रत्येक ठिगळागणिक याद्यांचा गुंता वाढत जातो, आणि महिन्याभरानें मध्यें एक मथळा घातला कीं सारी वीण उसवते.

या गुंत्यांतून सुटण्याचा मार्ग दासबोधांतहि एका अर्थानें सांगितलेला आहे. त्याच्या १९ व्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळें व सरळ काढावें, ओळींतील अंतर सारखें राखावें, पानाच्या चहूंकडे जागा सोडावी, आणि आरंभापासून अखेरपर्यंत सारा ग्रंथ एकाच टाकानें लिहिला आहे असें वाटावें, असा तेथील उपदेश आहे. वर्डमधील स्टाइल ही या एका टाकाच्या जागीं आहे. “हेडिंग १” पासून “हेडिंग ९” पर्यंत नऊ स्टाइली तयार असतात. प्रकरणाच्या मथळ्यास अक्षर मोठें करून व ठळक करून मथळ्याचें सोंग देतां येतें; पण यंत्राच्या दृष्टीनें तो साधाच परिच्छेद राहतो. त्यास “हेडिंग १” ही स्टाइल दिली, तरच तो मथळा म्हणून गणला जातो. कंट्रोल, ऑल्ट व १ या कळा एकत्र दाबल्या कीं पहिली स्टाइल लागते. २ व ३ या आंकड्यांनीं पुढील दोन लागतात. क्रमांक मथळ्यास न लावतां स्टाइलीस लावावा, हें सगळ्या दुरुस्तीचें सूत्र आहे.

तें करण्याची रीत पुढीलप्रमाणें. समजा, कोणी दासबोधाची प्रत टाइप करीत आहे. दशकांच्या नांवांस “हेडिंग १” व समासांच्या नांवांस “हेडिंग २” ही स्टाइल प्रथम द्यावी. मग पहिल्या दशकाच्या मथळ्यावर कर्सर ठेवून “होम” या टॅबवरील “मल्टिलेव्हल लिस्ट” हें बटण दाबावें आणि खालील “डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट” हें निवडावें. चौकट उघडली म्हणजे तींतील “मोअर” हें बटण न विसरतां दाबावें, कारण कामाच्या गोष्टी त्यामागें लपलेल्या असतात. डावीकडे पातळी १ निवडून “लिंक लेव्हल टू स्टाइल” येथें “हेडिंग १” घ्यावें. पातळी २ निवडून तेथें “हेडिंग २” घ्यावें. याप्रमाणें जितक्या पातळ्या लागतील तितक्या जोडाव्या. पहिल्या पातळीच्या क्रमांकाआधीं “दशक” हा शब्द हवा असल्यास तो करड्या आंकड्याच्या डावीकडे टाइप करावा. एवढें झालें, कीं वीसहि दशक एका यादींत येतात व समास त्यांच्या पोटांत मोजले जातात. पुढें यादींत फेरफार करावयाचा झाला, तरी तो नेहमीं पहिल्या “हेडिंग १” वर कर्सर ठेवून याच चौकटींतून करावा. मधल्याच एखाद्या मथळ्यावर बसून करूं नये.

आतां नेहमीं आढळणारे दोष एकेक पाहूं गेल्यास पहिला असा : दुसऱ्या दशकांतील समासांचे आंकडे २.१, २.२ असे न येतां १.१, १.२ असेच येत राहतात. येथें दुसऱ्या पातळीच्या क्रमांकांतील पहिला १ हा कोणीतरी चौकटींत हातानें लिहिलेला असतो. चौकटींत पाहिलें तर खरा आंकडा करड्या पार्श्वभूमीवर दिसतो आणि हातचा १ कोरा दिसतो. तो पुसून, कर्सर तेथेंच ठेवून, “इन्क्लूड लेव्हल नंबर फ्रॉम” या यादींतून पातळी १ निवडावी. नंतर मध्यें टिंब द्यावें. दोन्ही आंकडे करडे झाले कीं दोष गेला.

दुसरा दोष याच्या उलट. दशक बदलतो, पण समासांची मोजणी पुन्हां एकावर येत नाहीं; पहिल्या दशकाच्या दहाव्या समासानंतर दुसऱ्या दशकांत २.११ असा आंकडा उमटतो. येथें “रीस्टार्ट लिस्ट आफ्टर” या ओळीपुढची खूण गेलेली असते. ती खूण पुन्हां करून समोर “लेव्हल १” ठेवावें. तरीहि मोजणी परत येत नसेल, तर दशकाचा मथळा निराळ्या यादींतला आहे असें समजावें व त्यास “हेडिंग १” ही स्टाइल पुन्हां लावावी. पहिल्या पातळीस रोमन पद्धतीचे अंक ठेवले असतां पोटमथळ्यांतहि तेच अंक शिरतात व विचित्र मिश्रण दिसतें. दुसऱ्या पातळीवर “लीगल स्टाइल नंबरिंग” ही खूण केली, कीं तेथें सर्व अंक साधे होतात.

तिसरा दोष, एखाद्या पानावर मथळ्यावांचून एकटाच क्रमांक दिसतो, आणि पुढच्या मथळ्याचा आंकडा एकानें वाढलेला असतो. मथळा लिहून झाल्यावर रिकामी ओळ सोडतांना, किंवा नवें पान सुरू करण्याची खूण घालतांना, त्या रिकाम्या परिच्छेदासहि मथळ्याची स्टाइल लागलेली असते. यंत्रानें त्यास प्रामाणिकपणें मोजलेलें असतें. कंट्रोल, शिफ्ट व ८ या कळा दाबल्या म्हणजे परिच्छेदांच्या अदृश्य खुणा दिसूं लागतात आणि चोर सांपडतो. रिकामी ओळ काढून टाकावी. मथळ्याखालीं जागा हवी असल्यास ती स्टाइलीच्या अंतरांत द्यावी. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर हवें असल्यास “हेडिंग १” च्या परिच्छेद-मांडणींत “पेज ब्रेक बिफोर” ही खूण करावी. म्हणजे पान तोडण्याची निराळी ओळ लागतच नाहीं.

चौथा दोष संपादन चालू असतांना उद्भवतो. दोघे तिघे मिळून एखादा अहवाल दुरुस्त करतात, तेव्हां “ट्रॅक चेंजेस” ही सोय चालू असते. तींत काढून टाकलेला मथळा खरोखर गेलेला नसतो. त्यावर केवळ रेघ ओढलेली असते, आणि जोंवर तो बदल स्वीकारला जात नाहीं तोंवर तो मोजणींत राहूं शकतो. पडद्यावर खुणा लपविल्या असल्या म्हणजे तर ३ नंतर एकदम ५ कसा आला, याचा उलगडाच होत नाहीं. अशा वेळीं यादीस हात लावण्यापूर्वीं बदल स्वीकारावे किंवा नाकारावे. नुसत्या लपविलेल्या मजकुराविषयींहि हीच सावधगिरी ठेवावी.

पांचवा दोष उसनवारीचा. एका दस्तऐवजांतून मजकूर उचलून दुसऱ्यांत चिकटविला, म्हणजे त्याबरोबर त्याची यादी व मथळ्यांचें रूपहि पाहुणे म्हणून येतात, आणि पाहुण्याची मोजणी घरच्या मोजणींत मिसळत नाहीं. चिकटवितांना “कीप टेक्स्ट ओन्ली” हा मार्ग घ्यावा व मग मथळ्यांस घरच्या स्टाइली द्याव्या. दहा जणांचीं प्रकरणें एकत्र करून अहवाल छापणाऱ्या कचेऱ्यांनीं हा नियम भिंतीवर लावून ठेवण्याजोगा आहे.

सहावा दोष पाहून नवखा मनुष्य घाबरतो, कारण आंकड्याच्या जागीं काळा ठोकळा दिसतो. यांत मजकूर मुळींच बिघडलेला नसतो. मथळ्यांत ठोकळ्याच्या लगेच उजवीकडे कर्सर ठेवून डावीकडच्या बाणाची कळ दाबावी. ठोकळा करडा झाला कीं कंट्रोल, शिफ्ट व एस या कळा दाबाव्या. उघडणाऱ्या लहान चौकटींत “रीअप्लाय” दाबलें, कीं आंकडा पुन्हां उमटतो.

मराठी लिहिणाऱ्यास आणखी दोन अडचणी सोसाव्या लागतात, आणि इंग्रजी पुस्तकांत त्यांचा उल्लेख क्वचित् असतो. वर्डमध्यें रोमन लिपीसाठीं एक फॉन्ट व आकार, आणि देवनागरीसारख्या लिपींसाठीं दुसरा फॉन्ट व आकार, अशा दोन नोंदी स्वतंत्र असतात. मथळा मराठी व आंकडे इंग्रजी असले, तर मथळा १८ आकाराचा आणि आंकडा १२ आकाराचा असें बेढब रूप दिसतें. स्टाइल दुरुस्त करतांना फॉन्टच्या चौकटींतील दोन्ही नोंदी सारख्या कराव्या. त्यांतूनहि एकाच मथळ्याचा आंकडा वेगळ्या रंगाचा किंवा तिरपा दिसला, तर परिच्छेदाच्या अखेरची अदृश्य खूण निवडून तिचें रूप तपासावें. आंकडा आपलें रूप त्या खुणेकडून घेतो. क्रमांक देवनागरी हवे असल्यास “नंबर स्टाइल फॉर धिस लेव्हल” या यादींत ते निवडावे. तेथें ते दिसत नसल्यास वर्डच्या संपादन-भाषांत मराठी किंवा हिंदी जोडून पुन्हां पाहावें.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टांची. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं छापखान्यांतून जे मराठी फॉन्ट वापरीत, त्यांत रोमन चिन्हांच्या जागीं देवनागरी अक्षरांचीं चित्रें बसविलेलीं असत. अशा फॉन्टांत क्रमांक लावले, म्हणजे आंकड्यामधील टिंबाच्या जागीं कधीं कधीं भलतेंच अर्धें अक्षर उमटतें. यादी निर्दोष असते. दोष फॉन्टाचा असतो. यादीच्या चौकटींतील “फॉन्ट” हें बटण दाबून केवळ क्रमांकापुरता युनिकोड फॉन्ट द्यावा, किंवा त्याहून चांगलें म्हणजे सारा मजकूरच युनिकोडमध्यें आणावा.

प्रस्तावना, ऋणनिर्देश यांसारख्या मथळ्यांस क्रमांक नको असतो. पुष्कळ जण त्यांस “हेडिंग १” देतात व मग आंकडा हातानें पुसतात. तसें न करतां “हेडिंग १” वरून एक नवी स्टाइल तयार करावी, तिचा क्रमांक काढून टाकावा, आणि “आउटलाइन लेव्हल” मात्र १ ठेवावी. म्हणजे प्रस्तावना अनुक्रमणिकेंत येते, पण पहिलें प्रकरण पहिलेंच राहतें.

दासबोधाच्या ओंव्यांचें उदाहरण येथें आणखी एक मर्यादा दाखवितें. आपल्या पोथ्यांत ओंवीचा आंकडा ओंवीच्या अखेरीस दोन दंडांमध्यें येतो. वर्डची यादी मात्र आंकडा परिच्छेदाच्या आरंभींच देते. तो अखेरीस नेण्याची सोय तींत नाहीं. तेथें “सेक्” नांवाचें फील्ड वापरावें लागतें. हें फील्ड ओळींत कोठेंहि ठेवतां येतें, आणि त्यास उलटी तिरपी रेघ, एस व २ अशी सूचना जोडली, तर प्रत्येक “हेडिंग २” नंतर, म्हणजे प्रत्येक समासारंभीं, त्याची मोजणी पुन्हां एकापासून होते. नव्या ओंव्या घातल्यावर सर्व मजकूर निवडून एफ ९ ही कळ दाबली कीं आंकडे ताजे होतात.

एफ ९ ची ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, कारण सर्वांत घातक चूक येथेंच होते. मथळ्यांचे क्रमांक स्वतः होऊन बदलतात. परंतु मजकुरांत इतरत्र केलेले त्यांचे उल्लेख व अनुक्रमणिका आपण होऊन बदलत नाहींत. “कलम ४.२ पहा” हें हातानें टाइप केलेलें असेल, तर तें कधींच बदलणार नाहीं. तो उल्लेख “क्रॉस-रेफरन्स” या आज्ञेनें घातलेला असला पाहिजे. तो तसा असला, तरी छापण्यापूर्वीं कंट्रोल व ए यांनीं सर्व मजकूर निवडून एफ ९ दाबावीच लागते. आणि अनुक्रमणिकेविषयीं विचारणा झाली असतां केवळ पृष्ठांक नव्हे तर संपूर्ण अनुक्रमणिका नवी करण्याचा पर्याय घ्यावा. त्यानंतर एखाद्या उल्लेखाच्या जागीं संदर्भ सांपडत नाहीं अशी इंग्रजी सूचना ठळक अक्षरांत आली, तर ज्या मथळ्याकडे बोट दाखविलें होतें तो कोणीतरी खोडून टाकला आहे असें समजावें. ही सूचना पाहून खिन्न होण्याचें कारण नाहीं. चुकीचा आंकडा मुकाट्यानें छापला जाण्यापेक्षां यंत्रानें ओरडून सांगितलेलें बरें.

मोफत मिळणाऱ्या लिब्रे ऑफिसमधील रायटर वापरणाऱ्यांस हेंच तत्त्व लागू आहे. तेथें “टूल्स” या सूचींत मथळ्यांच्या क्रमांकांची एकच चौकट असते, पातळ्या १० असतात, आणि प्रत्येक पातळीस मथळ्याची स्टाइल आधींच जोडलेली असते. केवळ अंकांचा प्रकार निवडावयाचा उरतो. मथळे स्टाइलीवांचून नुसते ठळक करून ठेवले असतील, तर मात्र तेथेंहि यंत्र हतबल होतें.

दुरुस्ती पुरी झाली कीं नाहीं हें पाहण्यास मोजणीच उपयोगीं पडते. दासबोधाची प्रत टाइप झाल्यावर शेवटच्या समासापुढें २०.१० हाच आंकडा आला पाहिजे. तेथें २०.११ आला तर एक रिकामी ओळ कोठेंतरी मोजली गेली आहे. २१ आला तर दोन दशकांच्या मध्यें काहींतरी शिरलें आहे. याच न्यायानें प्रत्येक लेखकानें आपलीं प्रकरणें व कलमें किती हें आधीं कागदावर टिपून ठेवावें आणि “नॅव्हिगेशन पेन” उघडून शेवटच्या आंकड्याशीं ताडून पाहावें. या ठिकाणीं शाळेंतल्या दशांश अपूर्णांकांची आठवण बाजूस ठेवावी लागते. गणितांत १.१० आणि १.१ यांची किंमत एकच, मथळ्यांत १.१ हा पहिला समास आणि १.१० हा दहावा. टिंबाच्या उजवीकडचा आंकडा स्वतंत्र वाचावयाचा असतो, आणि १.९ नंतर १.१० आलेला पाहून तो यंत्राचा दोष समजून हातानें २.० करूं नये.

ज्यांच्या घरीं मुलेंमुली प्रबंध किंवा प्रकल्पाचे अहवाल लिहीत आहेत, त्यांनीं एवढें एक सुचवावें : लेखनास आरंभ करण्यापूर्वीं अर्धा तास खर्च करून मथळ्यांच्या स्टाइली व त्यांची यादी नीट जोडून घ्यावी, आणि ती कोरी प्रत नमुना म्हणून जपून ठेवावी. तयार मजकुराच्या दोनशें पानांतून हातचे आंकडे वेंचून काढण्यास एक रात्र पुरत नाहीं, आणि ती रात्र बहुधा प्रबंध सादर करण्याच्या आदल्या दिवशींच येते.